कानाच्या पडद्याआड

“डॉक्टर, बाबांना दोन्ही कानांत ‘ए’ मिळाला आहे. म्हणजे कान उत्तमच ना?”

काही महिन्यांपूर्वी दवाखान्यात आलेल्या एका गृहस्थांनी वडिलांच्या तपासणीचा अहवाल माझ्यासमोर ठेवून हा प्रश्न विचारला. वडील ७२ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. ते शेजारच्या खुर्चीत बसून आम्हा दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने पाहत होते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘ए’ म्हणजे पहिली श्रेणी, तशीच ही असावी, असा मुलाचा समज झाला होता. कान चांगले आहेत, म्हणजे बाबा मुद्दामच लक्ष देत नाहीत, असा निष्कर्ष घरच्यांनी काढला होता आणि त्यावरून दोन-तीनदा खटकेही उडाले होते.

मी मुलाला दोष दिला नाही. तसा अधिकारही मला नाही, कारण कानाच्या बाबतीत याहून मोठी चूक मी स्वतः, माझ्याच घरात केली आहे. वाचकहो, ती चूक आज तुमच्यापुढे मांडतो आहे. आपल्या घरातील ज्येष्ठांच्या कानाचा अहवाल हाती येईल, तेव्हा तो कसा वाचावा हे तिच्यातून आपोआप स्पष्ट होईल.

“आडातून बोलल्यासारखं येतं”

माझा दवाखाना वाईला आहे. आई माझ्याजवळच राहते. चार वर्षांपूर्वी ती ७९ वर्षांची होती. त्या दिवाळीत तिला जोराची सर्दी झाली. सर्दी आठवड्याभरात गेली, परंतु त्यानंतर ती म्हणू लागली, “अरे, उजवा कान भरल्यासारखा वाटतो. सगळे बोलतात ते आडातून बोलल्यासारखं येतं.”

मी कानात बॅटरीचा झोत टाकून पाहिले. मळ फारसा नव्हता. “वय झालं, आई. आता थोडं कमी यायचंच,” असे म्हणून मी दवाखान्यात गेलो. दिवसाकाठी साठ-सत्तर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरच्या जिभेवर काही उत्तरे तयार असतात. ‘वय झालं’ हे त्यांपैकी सर्वांत सोयीचे.

पुढे तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, ही पहिली. दुसरी तिने सांगितली नाही, पण घरात सर्वांच्या ध्यानात आली होती. ती पूर्वीपेक्षा हळू बोलू लागली होती. या दोन्ही खुणा वैद्यकाच्या पहिल्या काही वर्षांतच शिकवल्या जातात. आतल्या कानाची शक्ती कमी झाली, तर माणसाला स्वतःचा आवाजही नीट येत नाही, म्हणून तो मोठ्याने बोलू लागतो. याउलट बाहेरच्या आवाजाची वाट मध्येच अडली असेल, तर स्वतःचा आवाज हाडांवाटे आत मोठा पोहोचतो आणि माणूस नकळत हळू बोलतो. आई हळू बोलत होती. मी ऐकत होतो, परंतु विचार करत नव्हतो.

त्या वर्षी कृष्णाबाईच्या उत्सवात कीर्तनाला ती गेली नाही. “गुडघे दुखतात,” म्हणाली. मी गुडघ्यांसाठी गोळ्या दिल्या. शेवटी मुलगा म्हणून काहीतरी करावे, या भावनेने श्रवणयंत्र विकणाऱ्या एका दुकानातून, जुजबी तपासणीवर, उजव्या कानासाठी यंत्र आणले. आईने ते चार दिवस लावले आणि देवघराच्या खणात ठेवून दिले. “यातून माणसं कमी आणि भांडीच जास्त वाजतात,” एवढेच ती म्हणाली.

असे आठ महिने गेले. आषाढात माझी धाकटी बहीण आली आणि माझे काहीएक न ऐकता आईला साताऱ्याला श्रवणतज्ज्ञांकडे घेऊन गेली. संध्याकाळी तिने माझ्यासमोर दोन कागद ठेवले. पहिला ऑडिओग्रामचा, म्हणजे किती ऐकू येते त्याचा. दुसरा टिम्पॅनोमेट्रीचा, म्हणजे मध्यकर्ण कसा चालतो त्याचा. दुसऱ्या कागदावर डाव्या कानाच्या चौकटीत डोंगरासारखा नीटस उंचवटा होता. उजव्या कानाच्या चौकटीत जमिनीसारखी सपाट रेघ होती.

घाटात कान दडतो तेव्हा

ती रेघ समजण्यासाठी आधी कानाची रचना थोडक्यात पाहू. कानाचे तीन भाग. बाहेरचा कान पडद्यापाशी संपतो. पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी आहे, तो मध्यकर्ण. तिच्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे एकमेकांत गुंतलेली असतात. रिकीब तर जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातील सर्वांत लहान हाड. पडद्याची थरथर ही हाडे शंखाच्या आकाराच्या आतल्या कानापर्यंत पोहोचवतात आणि तिथून मज्जातंतू ती मेंदूकडे नेतो.

मध्यकर्णातली हवा ताजी राहावी यासाठी तिथून नाकाच्या मागच्या बाजूस एक नळी उतरते. इटलीचे शरीररचनातज्ज्ञ युस्टेशियस यांनी सोळाव्या शतकात तिचे वर्णन केले, म्हणून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. एरवी ती मिटलेली असते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो, तेव्हा ती क्षणभर उघडते. आमच्या वाईकरांना तिची ओळख पसरणी घाटात होते. पाचगणीहून खाली उतरताना बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो आणि कान दडतो. आवंढा गिळला की ‘टक्’ होऊन मोकळा होतो.

सर्दीमुळे या नळीचे तोंड सुजले आणि ती उघडेनाशी झाली, तर मध्यकर्णातली हवा भोवतालचे अस्तर हळूहळू शोषून घेते. आतला दाब कमी होतो, पडदा आत खेचला जातो आणि पुढे त्या पोकळीत द्राव साचतो. बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत नळी पूर्ववत होते आणि द्राव ओसरतो. काहींच्या बाबतीत तो तिथेच राहतो. त्याला ठणका नसतो, ताप नसतो, कान वाहत नाही. केवळ ऐकू कमी येते. ज्येष्ठांना ऐकू कमी येणे कुणालाच नवल वाटत नसल्याने हा द्राव महिनोन्‌महिने पडद्याआड राहू शकतो.

चाचणीत काय घडते?

बाजारात माठ घेताना आपण त्यावर टिचकी मारून पाहतो. रिकामा माठ एक आवाज देतो, भरलेला निराळा. ध्वनीला पडदा कसा प्रतिसाद देतो यावरून पडद्यामागची स्थिती ओळखण्याचे तत्त्व काहीसे असेच आहे. डेन्मार्कचे ओटो मेट्झ यांनी १९४६ मध्ये कानाच्या या मोजमापावर पायाभूत संशोधन प्रसिद्ध केले आणि १९७० मध्ये अमेरिकेतील जेम्स जर्गर यांनी आलेखांना अक्षरे देण्याची पद्धत रूढ केली. तीच अक्षरे आज आपल्या अहवालांत दिसतात.

चाचणीच्या वेळी मऊ रबरी टोक कानाच्या तोंडाशी घट्ट बसवतात. त्यातून एक खर्जातला सूर, बहुधा २२६ हर्ट्‌झचा, आत सोडला जातो आणि त्याच वेळी कानातल्या हवेचा दाब कमी-अधिक केला जातो. काही ध्वनी पडदा आत घेतो, उरलेला परत येतो आणि यंत्र तो मोजते. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला, की पडदा सर्वांत मोकळा हलतो. आलेखाचे शिखर तिथेच येते. दोन-चार मिनिटांत दोन्ही कान होतात. घाटात वाटतो तसा किंचित दाब जाणवतो, दुखत नाही. तेवढा वेळ बोलायचे नाही, गिळायचे नाही, सुपारी-बडीशेप चघळायची नाही. ज्येष्ठांना हे आधी समजावून सांगा, अन्यथा रेघ वेडीवाकडी येते. कान वाहत असेल, फार दुखत असेल किंवा नुकतीच कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते तपासनिसांना आधीच सांगा.

ही चाचणी ‘किती ऐकू येते’ हे सांगतच नाही. आवाजाची वाट मोकळी आहे का, एवढेच ती सांगते. म्हणून ती एकटीने वाचू नये, ऑडिओग्रामसोबतच वाचावी.

अक्षर आणि त्याशेजारचा आकडा

आता कागद हाती घेऊ. त्यावर प्रत्येक कानासाठी साधारणपणे तीन आकडे असतात. पहिला शिखराच्या जागेचा दाब. प्रौढांत तो सुमारे उणे १०० ते अधिक ५० डेकापास्कल या दरम्यान असला, तर ठीक. दुसरा कम्प्लायन्स, म्हणजे पडद्याची लवचिकता. ती सुमारे ०.३ ते १.६ मिलिलिटर असते. तिसरा, इअर कॅनॉल व्हॉल्यूम, म्हणजे रबरी टोकापुढे किती पोकळी आहे ते. प्रौढांत हे साधारण ०.६ ते १.५ मिलिलिटर भरते. या मर्यादा प्रत्येक केंद्रात थोड्या बदलतात.

शिखर योग्य जागी आणि योग्य उंचीचे असले, की त्याला ‘ए’ म्हणतात. शिखर जागेवर पण बुटके असेल, तर ‘ए-एस’. पडदा किंवा हाडांची साखळी ताठरल्याची ती खूण असू शकते, उदाहरणार्थ रिकीब जखडण्याच्या ओटोस्क्लेरोसिस या विकारात. शिखर अवाजवी उंच असेल, तर ‘ए-डी’, म्हणजे पडदा फार सैल आहे किंवा हाडांची साखळी तुटली आहे, अशी शंका. शिखर उणे बाजूला फार सरकले, तर ‘सी’. नळी नीट उघडत नसल्याचे ते लक्षण. सर्दीनंतर ते अनेकांना दिसते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासले, तर बहुधा सुधारलेले असते. शिखरच नसले, तर ‘बी’.

‘बी’पाशी मात्र थांबा आणि तिसरा आकडा पाहा. रेघ सपाट आणि व्हॉल्यूम नेहमीइतके असेल, तर पडद्यामागे द्राव असण्याची शक्यता मोठी. व्हॉल्यूम फार कमी असेल, तर कान मळाने भरला आहे किंवा टोक कानाच्या भिंतीला टेकले आहे, मळ काढून चाचणी पुन्हा करावी. व्हॉल्यूम फार जास्त असेल, तर यंत्राने पडद्यापलीकडची पोकळीही मोजली आहे, म्हणजे पडद्याला छिद्र आहे किंवा आत नळी बसवलेली आहे. अक्षर एकच, पण तीन कानांच्या तीन निरनिराळ्या कथा.

अनेक अहवालांत ‘रिफ्लेक्स’ असाही भाग असतो. मोठा आवाज कानी पडताच रिकिबीला जोडलेला एक बारीक स्नायू आखडतो. सामान्यतः ७० ते १०० डेसिबलच्या आवाजाला तो प्रतिसाद देतो. ‘अ‍ॅब्सेंट’ हा शब्द वाचून घाबरू नका. मध्यकर्णात द्राव असला तरी तो नोंदला जात नाही आणि श्रवणदोष तीव्र असला तरीही नाही. त्याचा अर्थ बाकीच्या तपासण्यांच्या संदर्भातच लागतो.

आता त्या निवृत्त शिक्षकांकडे वळू. दोन्ही कान ‘ए’, पण ऑडिओग्राममध्ये वरच्या पट्टीतले स्वर पुष्कळ खाली गेलेले. वाट स्वच्छ आहे, आतला कान थकला आहे, हा वयपरत्वे येणारा श्रवणदोष. त्यांना आवाज येतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी बारीक व्यंजने निसटतात, म्हणून शब्द कळत नाहीत. त्यांचे लक्ष कुठेही गेलेले नव्हते. योग्य मापाचे श्रवणयंत्र हाच त्यांच्यावरचा उपाय होता.

एका बाजूचे पाणी

आईच्या उजव्या कानाची रेघ सपाट आणि व्हॉल्यूम १.१ होते. म्हणजे मळ नव्हे, छिद्र नव्हे, द्राव. ऑडिओग्राममध्ये त्या कानाचे हवेतून आणि हाडातून ऐकू येण्याचे आलेख सुमारे ३० डेसिबलने दुरावलेले. हे अंतर वयामुळे पडत नाही.

दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राला दूरध्वनी केला. तो म्हणाला, “एकाच बाजूला आहे ना? मग नाकामागची जागा पाहायला हवी. परवा घेऊन ये.”

त्याने कारण सांगितले नाही, कारण ते मला माहीत होते. मोठ्या माणसाच्या एकाच कानात द्राव साचून राहिला, तर नळीच्या तोंडाशी गाठ नाही ना, याची दुर्बिणीतून खात्री करून घ्यावीच लागते. नाकामागचा हा कर्करोग महाराष्ट्रात विरळा आहे आणि बहुतेकांत कारण साधेच निघते. तरीही त्या दोन रात्री मला झोप लागली नाही. आठ महिने वाया गेले होते आणि ते मी घालवले होते. आई शेजारच्या खोलीत शांत झोपली होती. तिला मी काही सांगितले नव्हते.

दुर्बिणीच्या तपासणीला दहा मिनिटेही लागली नाहीत. गाठ नव्हती. नळीचे तोंड सुजलेले होते, एवढेच. पुढच्या आठवड्यात कानापुरती भूल देऊन पडद्याला बारीक छेद घेतला, डिंकासारखा चिकट द्राव ओढून काढला आणि ग्रोमेट नावाची मण्याएवढी नळी बसवली. परतीच्या वाटेवर आई गाडीत म्हणाली, “अरे, तुझ्या गाडीचा केवढा आवाज येतो! गॅरेजला दाखव.” थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, “मी दिवाळीपासून सांगत होते. तुलाच ऐकू येत नव्हतं.” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

महिन्याने पुन्हा चाचणी झाली. उजव्या कानाची रेघ पूर्वीसारखीच सपाट, पुन्हा ‘बी’! बहीण घाबरली. पण आता व्हॉल्यूम ४.२ होते. नळी उघडी होती आणि यंत्र पडद्यापलीकडची हवा मोजत होते. पहिल्या ‘बी’ने आजार दाखवला होता, दुसऱ्याने उपाय चालू असल्याचे दाखवले. आईचे हे दोन कागद मी आजही एकत्र ठेवले आहेत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आईचे ऐकणे पूर्वीच्या चाळिशीतल्यासारखे झाले नाही. वयाचा दोष दोन्ही कानांत होताच. द्राव गेल्यावर श्रवणतज्ज्ञांनी पुन्हा मापे घेऊन दोन्ही कानांना यंत्रे बसवली आणि ती मात्र खणात गेली नाहीत. ‘वय झालं’ हे माझे उत्तर अर्धे खरे होते. त्या अर्ध्या खऱ्यामुळेच उरलेले अर्धे शोधावे, असे मला वाटले नाही.

आपण काय करावे?

घरातील ज्येष्ठांना ऐकू कमी येत असेल, तर आधी मळ आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्या. तेल, काडी, पिन कानात घालू नका. त्यानंतर ऑडिओग्राम आणि टिम्पॅनोमेट्री या दोन्ही तपासण्या करून घ्या, मगच श्रवणयंत्राचा विचार करा. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत या तपासण्यांची सोय आहे.

घरी एक सोपा प्रयोग करता येतो. ओठ मिटून, ओंकाराच्या शेवटी धरतो तसा ‘म्’ धरायला सांगा आणि तो कोणत्या कानात मोठा घुमतो ते विचारा. ज्या कानाने कमी येते त्याच बाजूला घुमला, तर वाट अडल्याची शक्यता आहे. स्वतःच्या एका कानात बोट घालून हुंकार धरा, म्हणजे अनुभव येईल. ही केवळ दिशा आहे, निदान नव्हे.

अहवाल दाखवताना डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. दोष वाटेत आहे की आतल्या कानात? दोन्ही कान सारखे आहेत का? नसतील तर का? आणि चाचणी पुन्हा केव्हा करायची?

एक अपवाद कायम ध्यानात ठेवा. एका कानाचे ऐकू येणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी गेले, तर ती तातडीची बाब आहे. अशा वेळी टिम्पॅनोमेट्रीत ‘ए’ येतो आणि कान सामान्य दिसतो, पण आतल्या कानाला इजा झालेली असते. उपचार जितका लवकर, तितकी ऐकू परत येण्याची आशा अधिक. ‘सर्दीने दडला असेल’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जा. कान दडण्यासोबत मानेत गाठ, नाकातून रक्त किंवा चेहरा वाकडा होणे असे काही दिसले, तरीही विलंब नको.

आणि घरातील कुणी ज्येष्ठ म्हणाले, की आवाज आडातून आल्यासारखा येतो, तर त्यांचे वाक्य जसेच्या तसे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर ‘वय झालं’ म्हणाले, तर नम्रपणे विचारा, “मध्यकर्णाची तपासणी करून घेऊ का?” मला हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला असता, तर आईचे आठ महिने वाचले असते. आता दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठासाठी तो मी स्वतःलाच विचारतो.